सह्याद्रीच्या दर्या

दिल्लीत आल्यावर अंधारात दिव्याचं बटण शोधायला मला कधी चाचपडावं लागलं नाही. १९९१च्या मार्गशीर्षात लग्न होऊन मी वाईहून नेताजी नगरच्या सरकारी क्वार्टरात आले. महिन्याभरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मागच्या ब्लॉकमधल्या मावशींकडे गेले आणि हात धुवायला म्हणून मोरीकडे वळले, तर माझा हात आपोआप दाराच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर गेला आणि खट्‌कन दिवा लागला. मावशी म्हणाल्या, "अगं, तू याआधी आमच्याकडे आली होतीस का?" आले नव्हते. पण आमच्या मोरीचं बटण नेमकं तिथेच होतं. पुढे नवऱ्याच्या नावावर सरोजिनी नगरला क्वार्टर मिळालं, तिथेही तेच. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याच्या, कुणा नकाशेवाल्यानं कधी काळी एकदा डोकं चालवलं असणार आणि मग हजारो घरं त्याच डोक्यानं उठली. आम्ही त्या घरांना नावं ठेवायचो. ओल यायची, स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरीनं बाहेर थांबावं लागायचं. पण रात्री दोनला पाणी आलं की डोळे मिटूनच उठायचं, दिवा, नळ, बादली, सगळं हाताला ठाऊक.

आमचे सासरे, आप्पा, म्हणायचे, "सूनबाई, सरकारला अक्कल कमी असेल, पण ती एकच आहे. म्हणून आपले हाल होत नाहीत."

आप्पांना हे बोलण्याचा अधिकार होता, कारण त्यांची उभी नोकरी बोटांवर झाली. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ते हिंदी टंकलेखक म्हणून लागले आणि १९९२ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, टंकलेखकांचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. घरी त्यांचा जुना गोदरेज टाइपरायटर होता. तो कार्यालयाच्या भंगार लिलावात घेतलेला. भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजचा, १९५५ सालचा, ही माहिती ते आल्यागेल्याला, चहा पुढे यायच्या आत, देत. यंत्रावर कापडी खोळ, खोळीवर सासूबाईंनी काढलेला मोर. संध्याकाळी मोर बाजूला व्हायचा आणि आप्पा आमच्या मराठी मंडळाची पत्रं बडवायला बसायचे.

देवनागरी टाइपरायटर कसा चालतो हे आताच्या मुलांना सांगावंच लागेल. त्यावर अक्षर उच्चारायचं नसतं, रेखाटायचं असतं. 'ख' हवा असेल तर आधी त्याचा अर्धा भाग, मग काना. आणि 'कि' हवा असेल तर आधी वेलांटी, मग 'क'. कारण कागदावर डावीकडे वेलांटीच आधी येते! तोंड 'कि' म्हणतं तेव्हा 'क' आधी येतो, हात मात्र वेलांटीकडे आधी जातो. आप्पांच्या डाव्या हाताची तर्जनी चाळीस वर्षं आधी वेलांटी मारत आली होती. ती कळ म्हणजे इंग्रजी कळफलकावरची 'एफ'. ही 'एफ' लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून घरात महाभारत होणार आहे.

घरात कॉम्प्युटर आला १९९६च्या थंडीत. नवऱ्यानं पीएफमधून उचल काढली आणि आम्ही दोघं डीटीसीच्या बसनं नेहरू प्लेसला गेलो. तेव्हा तिथे मेट्रो नव्हती, ती आली २०१० साली. त्या प्रचंड फरशीबंद चौकात चहुबाजूंनी उंच इमारती, खाली छोले-कुलच्यांचे ठेले, जिन्याजिन्यावर "मैडम, सॉफ्टवेअर? गेम?" म्हणत मागे लागणारी पोरं. कॉम्प्युटर अख्खा विकत घ्यायची पद्धत नव्हती. भाजीसारखा घ्यायचा. मदरबोर्ड या गाळ्यातून, रॅम समोरच्या, कॅबिनेट तळघरातून. आठ एमबी रॅम घेतली तर दुकानदारानं मोठ्या आदरानं आमच्याकडे पाहिलं होतं. शेवटी एका मुलानं पंख्याखाली स्टुलावर बसून सगळं जोडलं आणि त्यात विंडोज ९५ घातलं. ते कुठून आलं हे विचारायची तेव्हा रीत नव्हती.

घरी यंत्राची पूजा झाली. सासूबाईंनी मॉनिटरला खोळ शिवली, टाइपरायटरचा मोर मॉनिटरवर गेला. आप्पा लांबूनच खुर्चीत बसून पाहत होते. कार्यालयात शेवटच्या वर्षांत त्यांनी वर्डस्टार थोडंफार हाताळलं होतं. काळा पडदा, कंट्रोल दाबून ई-एस-डी-एक्स अशा चार कळांनी वर-खाली-डावीउजवीकडे जायचं, आणि माऊसचा पत्ताच नाही. त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून जिस्ट नावाचं कार्ड लागे. आयआयटी कानपूरला त्याची पाळंमुळं, पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्याचा संसार, आणि या कामात अग्रभागी नाव मोहन तांबे यांचं. आप्पांना यातलं शेवटचं वाक्य फार आवडायचं. दिल्लीतल्या मराठी माणसाला कुठलीही गोष्ट पुण्याशी जोडून दिली की ती निम्मी पटते.

नव्या पडद्यावर डावीकडे खाली एक करडं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं 'स्टार्ट'. आणि गंमत म्हणजे यंत्र रिकामं असलं की उजवीकडून एक बाण सरकत यायचा, 'इथे दाबून सुरुवात करा' म्हणत. आप्पा हसले. "हे कुणीतरी माणसं बसवून, त्यांना गोंधळलेलं बघून केलंय."

ते अंदाजानं म्हणाले, पण खरंच तसंच होतं. विंडोज ३.१ मध्ये कामं सुरू करायला प्रोग्राम मॅनेजर होता आणि फायली पाहायला वेगळा फाइल मॅनेजर. मायक्रोसॉफ्टनं साधी माणसं यंत्रासमोर बसवून पाहिली तेव्हा कळलं की लोकांना सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही, एका खिडकीखाली दुसरी गेली की ती हरवली असं वाटतं, डबल क्लिक तर जमतच नाही. म्हणून सुरुवातीला बटण, आणि उघडलेल्या खिडक्यांची नावं तळाच्या पट्टीवर ओळीनं. २४ ऑगस्ट १९९५ला हे बाजारात आलं. आज त्या पट्टीशिवाय पडदा डोळ्यासमोरच येत नाही, पण ती तेव्हा नवीच होती, आणि जुन्याला सरावलेल्यांनी तेव्हाही नाकं मुरडली होतीच. नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ तर वर्षभर "प्रोग्राम मॅनेजर परत द्या" म्हणून कुरकुरत होते. मी त्यांना हसले होते. पुढे मला कुणी हसू नये म्हणून आत्ताच कबूल करते.

आप्पांना माऊस पत्त्यांनी शिकवला. सॉलिटेअर नुसता खेळ नव्हता. तो १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला तोच मुळी उचला-ओढा-सोडा हे हाताला कळावं म्हणून, असं म्हणतात. ते खरं असो नसो, आमच्या घरी तो त्यासाठीच कामी आला. दुपारी जेवण झालं की आप्पा बदाम-किलवर सरकवत बसत आणि सासूबाई म्हणत, "पीएफचे पैसे जुगारात गेले."

१९९८ साली आमच्या मंडळानं दिवाळी अंक छापायचं ठरवलं. तोवर हस्तलिखित निघायचं. त्या ऑक्टोबरात दिल्लीत कांदा इतका कडाडला होता की अंकाच्या बैठकांना भजी बटाट्याचीच होत, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीचं सरकार कांद्यावर घसरलं असं लोक म्हणत. बैठका पहाडगंजला. तिथे बृहन्महाराष्ट्र भवन, जवळच नूतन मराठी शाळा; दिल्लीतल्या मराठी माणसाच्या सगळ्या गाड्या शेवटी तिथेच येऊन थांबायच्या. अक्षरजुळणीसाठी त्याच भागातला एक डीटीपीवाला ठरला. सगळा धंदा हिंदीचा. पेजमेकर आणि त्यात हिंदीचे फॉन्ट.

आप्पांनी त्या अंकासाठी लेख लिहिला होता. आयुष्यातला एकमेव. विषय बालपणीचं महाबळेश्वर, आणि नाव 'सह्याद्रीच्या दऱ्या'. प्रूफ हातात आलं आणि आप्पा उभे राहिले.

शीर्षक होतं 'सह्याद्रीच्या दर्या'.

"सह्याद्रीत समुद्र घातला यानं!"

'दऱ्या'मधला तो आडवा र मराठीचा खास. आमच्या घरी त्याला भुवई म्हणत. तो नसला की दरीचा दर्या होतो, आचाऱ्याचा आचार्य होतो. हिंदीला तो लागत नाही. डीटीपीवाल्या मुलाला मी कागदावर काढून दाखवला तर तो निरागसपणे म्हणाला, "भाभीजी, ये र को मूँछ किसने लगाई?" त्याच्या फॉन्टमध्ये भुवई नव्हती, किंवा असली तरी कुठल्या कळीमागे दडली होती ते त्याला ठाऊक नव्हतं. आमचा 'ल' आणि 'श' तर त्यानं हिंदी वळणाचेच लावले होते. त्याकडे आम्ही काणाडोळा केला, पण भुवईकडे करता येईना. शेवटी आप्पा तीन दुपारी त्याच्या दुकानात बसले. छपाईला जाण्याआधी लेझर प्रिंटरवरून ट्रेसिंग कागद निघायचे, त्यावरून प्लेट व्हायची. त्या ट्रेसिंगवर, बारीक निबच्या काळ्या शाईच्या पेननं, आप्पांनी अख्ख्या अंकातल्या सगळ्या भुवया हातानं काढल्या. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पुढाऱ्यांनी', 'बिचाऱ्या'. पाने चौसष्ट. अंक निघाला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. आप्पा म्हणाले, "लक्षात आलं नाही म्हणजे नीट झालं."

तीनच महिन्यांनी, २६ जानेवारी १९९९ला, नेहरू प्लेसच्या शेजारीच कालकाजीत एक वेगळीच गोष्ट घडली. एनआयआयटी या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कंपनीच्या कचेरीच्या आणि झोपडवस्तीच्या मधल्या भिंतीत तिथले संशोधक सुगत मित्रांनी भोक पाडून एक कॉम्प्युटर बसवला. शिकवायला कुणी नाही, माहितीपत्रक नाही, पडद्यावरची भाषा इंग्रजी. वस्तीतली पोरं जमली आणि आपलं आपण शिकली. पुढे यावर जगभर चर्चा झाली, वादही झाले, पण आमच्या घरात गाजली ती त्यातली एक छोटी बाब. पोरांना 'कर्सर' हा शब्द कुणी सांगितलाच नव्हता, तर त्यांनी त्या टोकदार बाणाला नाव दिलं 'सुई'. आणि यंत्र कामात गुंतलं की दिसणारं ते वाळूचं घड्याळ? वाळूचं घड्याळ त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यांनी त्याला नाव दिलं 'डमरू'.

आप्पांनी हे वाचलं आणि वर्तमानपत्र मांडीवर ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाळूचं घड्याळ मीसुद्धा पाहिलेलं नाही. फक्त नाव वाचलंय. डमरू मात्र रोज पाहतो." त्या दिवसापासून आमच्याकडे यंत्र अडकलं की "डमरू वाजतोय" असंच म्हणत. मंडळातही पसरलं. गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवताना कुणी वेळ लावला की पोरं ओरडायची, "काकू, डमरू!" अमेरिकेत कुणीतरी काढलेलं चित्र, कालकाजीच्या पोरांनी त्याला दिलेलं नाव, आणि ते पहाडगंजच्या मराठी मुलांच्या तोंडी.

महाभारत घडलं ते २००१ साली. दसऱ्याच्या सुमाराला विंडोज एक्सपी आलं होतं. निळी पट्टी, हिरवंगार बटण, आणि पार्श्वभूमीला कॅलिफोर्नियातली ती हिरवी टेकडी. आप्पा म्हणाले, "खेळण्याचं दुकान दिसतंय." पण त्यात एक मोठी सोय होती. सीडी घालून एक खूण केली की देवनागरी यंत्राच्या हाडामांसात उतरायची, वेगळा फॉन्ट विकत घ्यायला नको. ती युनिकोडमधली देवनागरी. मात्र तिच्याबरोबर येणारा कळफलक टाइपरायटरचा नव्हता. तो होता इनस्क्रिप्ट.

इनस्क्रिप्टचा जन्म आमच्याच गावचा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं १९८६ साली तो ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क, ग एका बाजूला आणि त्यांच्यावरच शिफ्ट धरून ख, घ. टाइपरायटरसारखं रेखाटायचं नाही, बोलायचं. 'क' आणि मग वेलांटी. आणि वेलांटी कुठल्या कळीवर? त्याच 'एफ'वर! आप्पांच्या चाळीस वर्षांच्या तर्जनीखाली वेलांटी होती तिथेच होती, फक्त तिची पाळी बदलली होती. कळ बदलली असती तर नवीन म्हणून शिकता आलं असतं. जागा तीच आणि क्रम उलटा, हे म्हणजे मोरीचं बटण जागेवरच आहे पण खाली केल्यावर लागायचं ते वर केल्यावर लागतं, तसं. आप्पा 'दिवाळी' टंकायला गेले की वेलांटी आधी यायची, ती अधांतरी एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकायची आणि 'द' एकटाच पुढे निघून जायचा. 'किती'चं 'िकती'. तीन दिवस धुसफूस. चौथ्या दिवशी टाइपरायटरची खोळ निघाली.

"आप्पा, तुम्ही राहू द्या, मी करते टाइप."

"तू कर. पण ज्यानं हे केलं त्याला चाळीस वर्षांची बोटं असलेला एक तरी माणूस भेटला होता का, ते मला सांग."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आलं खालच्या मजल्यावरून. तिथे एक गुजराती कुटुंब राहायचं. त्या घरातले आजोबा आप्पांचे सकाळच्या फेरीचे सोबती. ते एकदा आमच्याकडे आले, म्हणाले, माझा मुलगा म्हणतो यात गुजरातीही चालतं, बघू या. मी भाषा बदलून दिली. त्यांनी हळूहळू, एका बोटानं, आपल्या गावाचं नाव टंकलं. आप्पा मागे उभे होते. त्यांनी पाहिलं की आजोबांचा 'क' आपल्याच 'क'च्या कळीवर आहे. 'ल' तिथेच. 'त' तिथेच. लिपी वेगळी, घर तेच. आप्पांनी ताबडतोब विचारलं, "तामिळचं काय?" तामिळचंही तसंच. तेलुगू, कन्नड, तसंच. आमच्या क्वार्टरांसारखं. आत कुणी का राहीना, मोरीचा दिवा डाव्या हाताला.

त्या रात्री त्यांनी पोस्टकार्डाच्या पाठीवर कळफलक काढला आणि भिंतीला डकवला. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी तर्जनीला थांबायला शिकवलं. सहा महिने लागले. अधूनमधून वेलांटी आधी यायचीच, मग "अरे थांब" असं ते बोटाला म्हणायचे. आणि एक दिवस ते आतून ओरडत आले, "भुवई सापडली! र वर शिफ्ट!"

मला त्यातली खोच फार उशिरा कळली, यंत्रांची कामं करता करता. इनस्क्रिप्टच्या खाली काय काय बदललं! आधी जिस्ट कार्ड, मग इस्की नावाची अक्षरांची सांकेतिक पद्धत, जी १९९१ साली भारतीय मानक झाली, मग युनिकोड, ज्याची देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरच बेतलेली. डॉसचा काळा पडदा गेला, खिडक्या आल्या, आता फोन आले. खालून अख्खी जमीन बदलली आणि वरची कळ जागची हलली नाही. आप्पांच्या टाइपरायटरवाल्या दोस्तांचं उलट झालं. त्यांनी टाइपरायटरच्याच मांडणीचे फॉन्ट घेतले, बोटं सुखात राहिली, आणि दहा वर्षांनी फायली उघडल्या तर फॉन्ट नाही म्हणून पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

मी तोवर नोएडात एका कंपनीच्या हिशेबखात्यात लागले होते. २००७चा जानेवारी आठवतो, कारण एकाच दिवशी दोन धक्के बाजारात आले. विंडोज विस्टा आलं आणि ऑफिस २००७ आलं. आमच्याकडे ते अर्थातच वर्षभरानं पोचलं. एक्सेल उघडलं तर वरची ओळखीची यादीच नाही! फाइल, एडिट, व्ह्यू, सगळं गायब, आणि त्या जागी चित्रांची एक जाडजूड फीत. खात्यातल्या बायकांनी त्या दिवशी डबे उघडले नाहीत. मी सवयीनं, न बघता, ऑल्ट दाबून ई, एस आणि व्ही दाबलं. नुसते आकडे चिकटवायचा तो माझा रोजचा मंत्र. एडिट ही यादीच उरली नव्हती, मंत्र चालायला नको होता. पण चालला! ज्यांनी घर पाडून नवं बांधलं त्यांनी जुन्या वाटेनं येणाऱ्यासाठी मागचं दार ठेवलं होतं, पाटी न लावता. त्या अनोळखी माणसांबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं त्याला माया हाच शब्द आहे. आप्पांनाही अशी मागची दारं ठाऊक होती. ते कधीच कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करत नसत. कंट्रोल-इन्सर्ट, शिफ्ट-इन्सर्ट. आयबीएमच्या १९८७च्या नियमांतल्या त्या कळा, कार्यालयात कुणीतरी शिकवलेल्या. आजही चालतात, करून पाहा.

विस्टात मात्र एक गोष्ट गेली. आप्पा यंत्रासमोर बसले होते, काहीतरी उघडायला वेळ लागत होता, आणि ते एकदम म्हणाले, "सूनबाई, डमरू कुठाय?" वाळूच्या घड्याळाच्या जागी निळी कडी फिरत होती. छान होती, चकचकीत होती. आप्पा म्हणाले, "आता नुसती बांगडी फिरते." त्यातही कुणाचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. पडद्यावर वाळू हवीच कशाला? पण कालकाजीच्या त्या भिंतीशी जमलेल्या पोरांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी डमरूच ठेवायला सांगितलं असतं.

सगळ्यात मोठा गोंधळ २०१२चा. दिवाळीला अठरा दिवस असताना विंडोज ८ आलं आणि डावीकडचं ते बटणच काढून टाकलं! लोक ते पूर्वीइतकं वापरत नाहीत असं कंपनीला पाहणीत दिसलं होतं म्हणे. असेलही. देव्हाऱ्याकडे तरी आपण दिवसातून कितीदा पाहतो? पण देव्हारा हलवून बघा. दिवाळीत भावजयीकडे गुडगावला नवा लॅपटॉप आलेला, अख्खं घर त्याच्याभोवती, आणि तो बंद कसा करायचा हे कुणालाच सापडेना. शेवटी आप्पा पुढे झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी माऊस नेहमीच्या कोपऱ्यात नेला, डावीकडे, तळाला, जिथे काहीच नव्हतं, आणि तिथे एक छोटं चित्र वर आलं. "मूर्ती उचललीय," ते म्हणाले, "पण कोनाडा जागृत आहे." वर्षभरात, ८.१ मध्ये, बटण परत आलं; दाबल्यावर मात्र तेच रंगीत फरशांचं अंगण यायचं. खरी यादी यायला २०१५ उजाडलं.

पुतण्या तेव्हा नोएडाला नुकताच नोकरीला लागलेला, लिनक्सवाला. तो आमच्याकडे बघून हसत होता, तर त्याला मी विचारलं, तुमच्याकडे सगळं आबादीआबाद आहे ना? त्याचा चेहरा उतरला. २०११च्या एप्रिलमध्ये त्यांच्या जिनोम ३ नावाच्या पडद्यानं खिडकी लहान-मोठी करायची बटणंच काढली होती म्हणे, आणि चिडलेल्या लोकांनी जुन्या जिनोमची नक्कल करून ती वेगळी जिवंत ठेवली, माटे नावानं. नाव एका दक्षिण अमेरिकन काढ्याचं. चहासाठी वेगळी चूल मांडण्याची ही पद्धत आप्पांना पसंत पडली. मला नाही. दर वेळी चूल वेगळी मांडायला लागले तर घर कुणाचं राहील? पण तो वाद आम्ही जेवणाच्या ताटावर संपवला नाही.

आप्पा २०१६च्या आषाढात गेले. सरोजिनी नगर, नेताजी नगरची ती क्वार्टरं पुढे पाडायला घेतली, तिथे उंच इमारती येऊ लागल्या. तिथल्या झाडांसाठी २०१८ साली लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयातही गेले. बटणांसाठी कोण उतरणार! आम्ही नोएडाच्या फ्लॅटमध्ये आहोत. इथे दिवे काचेच्या पट्टीला बोट लावून लागतात. काच गुळगुळीत, सगळीकडे सारखी, अंधारात बोट तिच्यावर नुसतं फिरत राहतं. लॅपटॉपवर विंडोज ११ आलं तेव्हा बटण पट्टीच्या मध्यावर गेलं होतं. ते डावीकडे न्यायची सोय सेटिंगमध्ये ठेवली आहे, आणि मी पहिल्या पाच मिनिटांत तेवढंच केलं.

यंदा मंडळानं जुन्या अंकांतले निवडक लेख पुन्हा छापायचं ठरवलं आणि आप्पांचा लेख माझ्याकडे आला. १९९८ची पेजमेकरची फाइल एका सीडीवर होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तो तर आता कुठे नाही. कुणाच्या तरी जुन्या यंत्रावर मजकूर काढला तर सगळा चिवडा. म्हणजे पुन्हा टंकायचं. मी छापील अंक लॅपटॉपशेजारी उभा केला, पाठीमागे आप्पांचं पोस्टकार्ड. ते मी भिंतीवरून उतरवून आणलं होतं, कळांची नावं पुसट झालीयत.

छापील शीर्षकाकडे नीट पाहिलं. 'दऱ्या'वरची भुवई बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड आहे, आणि उजवीकडे जरा वर उचललेली. शाई ओली असताना पेन उचललेलं दिसतं. मी टंकायला लागले. ओ. मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरपी रेघ, मग ई. पडद्यावर 'दऱ्या' उमटलं, भुवई सरळ, नीटस. मी ते पुसलं आणि अंक डोळ्यांजवळ नेऊन आप्पांची भुवई पुन्हा एकदा पाहिली. मग परत टंकलं. ओ, शिफ्ट, जे.